कुत्र्याचं, गाईचं, कोंबडीचं: स्वादुपिंड नेमकं करतं काय?

गटारीच्या दुसऱ्या दिवशी आणि दिवाळीच्या आठवड्यात पाळीव प्राण्यांच्या कुठल्याही दवाखान्यात जा, एक रुग्ण हमखास भेटतो. आदल्या रात्री मटणाच्या चरबीचे तुकडे नाहीतर तुपातले चार लाडू पोटात गेलेला कुत्रा सकाळपासून उलट्या करत असतो. पोटाला हात लावू देत नाही. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून उभा राहतो, कारण तेवढ्यानेच त्याला जरा बरं वाटतं. डॉक्टर रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात आणि 'पॅनक्रियाटायटिस' असं सांगतात. मालक चक्रावतात. "पॅनक्रियाज म्हणजे ते डायबेटीसवालं ना? मग उलट्या कशाच्या? आणि डॉक्टर, आम्हीही तेच मटण खाल्लं की!"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंड. माणसांच्या मधुमेहामुळे त्याचं नाव घरोघरी पोचलं, पण त्याचं मोठं काम वेगळंच आहे. शिवाय प्रत्येक प्राण्यात ते सारखं वागत नाही. प्राणी काय खातो आणि दिवसातून किती वेळा खातो, यावर त्याच्या स्वादुपिंडाची घडण बेतलेली असते. म्हणून माणसाचा नियम कुत्र्याला लागत नाही, कुत्र्याचा मांजराला लागत नाही आणि गाईचं तर गणितच निराळं.

## असतं कुठे, दिसतं कसं

गावठी कोंबडी घरी साफ करणाऱ्यांनी स्वादुपिंड पाहिलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. पेट्याच्या पुढे आतड्याचा पहिला वेढा येतो, तो दुहेरी दुमडलेला असतो. त्या दुमडीच्या दोन बाजूंमध्ये फिकट गुलाबी, बोटासारखी लांबट पट्टी चिकटलेली दिसते. तेच ते.

कुत्र्यामांजरात ते इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचं असतं. एक फाटा लहान आतड्याच्या पहिल्या भागाला, म्हणजे आद्यांत्राला, लागून खाली उतरतो. दुसरा जठराच्या मागून प्लीहेकडे जातो. जठर संपतं तिथे दोन्ही फाटे जुळतात. हाताला ते गुळगुळीत लागत नाही, बारीक दाणेदार लागतं. घोड्यात आणखी एक गंमत आहे: आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर थेट स्वादुपिंडातल्या भोकातून आरपार जाते.

मटणाच्या दुकानात कलेजी, गुर्दे, वजडी मागून मिळतात. स्वादुपिंड कुणी मागत नाही, ते आतड्याभोवतीच्या चरबीबरोबर निघून जातं. तसंही ते टिकत नाही. जनावर मेलं की सगळ्यात आधी विरघळू लागणाऱ्या अवयवांत त्याचा नंबर वरचा. शवविच्छेदनाला उशीर झाला तर स्वादुपिंडाबद्दल काही ठामपणे सांगणं कठीण होऊन बसतं. ते स्वतःच्याच रसाने पचू लागतं, आणि पुढची सगळी गोष्ट त्या रसाचीच आहे.

## एका जागेत दोन कामं

स्वादुपिंडाचा जवळजवळ सगळा भाग पाचकरस बनवतो. हा रस नळीने आतड्यात पडतो. त्यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे सोडा: जठरातून आलेलं आंबट अन्न तो निवळतो, नाहीतर पुढचं आतडं पोळलं असतं. दुसरी म्हणजे विकरं, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो. ही अन्नाचे मोठे रेणू तोडणारी रसायनं. ट्रिप्सिन प्रथिनं तोडतं, लायपेज चरबी, अमायलेज स्टार्च.

उरलेला अगदी छोटा भाग, साधारण शेकडा एक ते दोन, रक्तात इन्सुलिन आणि ग्लुकागॉन सोडतो. इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतं, ग्लुकागॉन वर नेतं. या पेशींचे पुंजके रसाच्या पेशींमध्ये विखुरलेले असतात. 1869 साली बर्लिनमधल्या पाउल लांगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने सशाचं स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना ते पहिल्यांदा नोंदवले. ते कशासाठी आहेत हे त्याला सांगता आलं नाही. 1893 मध्ये लागेस या फ्रेंच संशोधकाने त्यांना 'लांगरहान्सची बेटं' हे नाव दिलं आणि ते कायम राहिलं.

या दोन कामांपैकी पहिलं बिघडलं की उलट्या, पोटदुखी, जुलाब होतात. दुसरं बिघडलं की मधुमेह. मालकाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

## मांस पचवणारा रस स्वतःला का पचवत नाही?

स्वादुपिंड स्वतः प्रथिनांचंच बनलेलं आहे, आणि प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन त्याच्याच पेशींत तयार होतं. मग ते टिकतं कसं?

आगपेटी आठवा. काडीवर गूल असतो, पण ती पेटते ती पेटीच्या बाजूच्या पट्टीवर घासली तरच. स्वादुपिंड ट्रिप्सिन तयार करतं ते न पेटलेल्या काडीच्या रूपात. त्याला ट्रिप्सिनोजेन म्हणतात. घासायची पट्टी असते आतड्याच्या अस्तरात. तिथलं एक विकर ट्रिप्सिनोजेनचा छोटा तुकडा कापून टाकतं आणि काडी पेटते. पेटलेली काडी पुढच्या काड्या पेटवते. सगळा जाळ आतड्यात होतो, जिथे अन्न आहे.

काडी पेटीतच पेटली तर? एक ट्रिप्सिन शेजारच्या ट्रिप्सिनोजेनला जागं करतं, ते आणखी दहांना. असा अपघात आवरायला स्वादुपिंडात एक रोधक रेणू ठेवलेला असतो, पण त्याची कुवत मर्यादित. ती संपली की विकरं आजूबाजूची चरबी आणि स्वतःच्याच पेशी पचवू लागतात. सूज पसरते, रक्तात विषारी पदार्थ उतरतात, आणि गंभीर रुग्णात मूत्रपिंडं, फुप्फुसंही ओढली जातात. पॅनक्रियाटायटिस म्हणतात तो हा.

रस सोडायची वेळ स्वादुपिंडाला कळते कशी, याचा शोधही कुत्र्यावरच लागला. 1902 मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाच्या सगळ्या नसा तोडल्या आणि तिथे आम्ल सोडलं. नसांचा संबंध उरला नव्हता, तरी स्वादुपिंडातून रस वाहू लागला. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. निरोप्या रसायनाला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. असल्या रसायनांसाठी 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंगने 1905 मध्ये वापरला. आज आपण उठताबसता हॉर्मोन हॉर्मोन करतो, त्याची सुरुवात स्वादुपिंडाच्या रसातून झाली आहे.

## गल्लीतली कुत्री काहीही खातात, त्यांना काही होत नाही!

हा आक्षेप ठरलेला. गल्लीतलं कुत्रं काहीही खातं हे खरं, पण ते दिवसभर हिंडतं, अंगाने सडसडीत असतं, आणि चरबीचा मोठा डोस त्याच्या वाट्याला क्वचित येतो. आणि ते दोन दिवस कोपऱ्यात पडून राहिलं तर त्याची नोंद कोण घेतो?

घरातला कुत्रा बहुतेकदा जाड असतो, रोजचं खाणं मोजून मिळतं, आणि एका सणाला अचानक वाटीभर चरबी पोटात जाते. चरबी आली की स्वादुपिंडाला रस ओतायचा जोरदार निरोप जातो. लठ्ठपणा आणि रक्तात आधीच वाढलेली चरबी असेल तर काडी पेटीत पेटायची शक्यता वाढते. मिनिएचर श्नाउझर या जातीत रक्तातली चरबी उपजतच जास्त असते, त्यामुळे तिला हा धोका मोठा. काही वेळा काहीच कारण सापडत नाही, तेव्हा मालकाने उगाच स्वतःला दोष देत बसू नये.

उपचार म्हणजे सलाईन, उलट्या थांबवणारं औषध आणि वेदनाशामक. यातल्या वेदनाशामकाकडे आपल्याकडे दुर्लक्ष होतं. कुत्रा ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं नसतं. पूर्वी तीन-चार दिवस उपाशी ठेवायचे. आता उलट्या आटोक्यात आल्या की लवकरात लवकर कमी चरबीचं खाणं सुरू करतात, कारण उपाशी आतड्याचं अस्तर दुबळं होतं. मात्र माणसांच्या औषधांच्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याला कधीच देऊ नका.

तपासणीबद्दलही एक गोष्ट. माणसांच्या लॅबमध्ये होणाऱ्या साध्या अमायलेज-लायपेज चाचण्या कुत्र्यात भरवशाच्या नाहीत. कुत्र्याच्या आणि मांजराच्या स्वादुपिंडातलं लायपेज वेगळं ओळखणाऱ्या खास चाचण्या आहेत, त्या मागाव्यात.

## भाकरी द्यावी का?

"कुत्रा मांसाहारी, त्याला भाकरी-भात विष" असं समाजमाध्यमांवर ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात उलट चित्र दिसलं. स्वादुपिंडातलं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात. कुत्र्यांमध्ये त्या 4 ते 30 सापडल्या. माणूस शेती करू लागला, त्याच्या उष्ट्यावर कुत्रा जगू लागला, आणि पिढ्यानुपिढ्या त्याचं स्वादुपिंड स्टार्च पचवायला तयार झालं. धनगराच्या वाड्यावर भाकरीवर वाढलेला कुत्रा काही चमत्कार नाही. शिजवलेला भात किंवा भाकरी त्याला पचते. फक्त त्यावरच ठेवलं तर प्रथिनं कमी पडतात, हा वेगळा मुद्दा.

मांजराने असला बदल केलेला नाही. त्याच्या स्वादुपिंडात अमायलेज फारच कमी, आणि खाल्लेली साखर भराभर साठवण्याची यकृताची सोयही तोकडी. दूधभात खाणारी मांजरं घरोघरी असतात, पण त्यांचं शरीर उंदराच्या हिशेबाने चालतं: मांस भरपूर, स्टार्च नाममात्र.

## मांजराची एकच नळी

गर्भात स्वादुपिंड दोन कोंबांपासून बनतं आणि प्रत्येक कोंबाची स्वतःची नळी असते. पुढे कुठल्या नळ्या उरतात ते प्राण्यागणिक बदलतं. कुत्र्यात आणि घोड्यात सहसा दोन्ही राहतात. गाय आणि डुक्कर यांच्यात एकच, पित्तनळीपासून दूर उघडणारी. शेळीमेंढीत एकच, पण ती पित्तनळीलाच जाऊन मिळते. मांजरातही बहुधा एकच असते आणि ती आतड्यात शिरण्याआधी पित्तनळीशी जुळते.

वाचायला हे शरीररचनेच्या पुस्तकातल्या तळटीपेसारखं वाटतं. दवाखान्यात मात्र याची किंमत कळते. आतड्याला सूज आली, जंतू नळीत वर चढले, की मांजराचं यकृत आणि स्वादुपिंड दोन्ही एकदम सापडतात. आतडं, पित्तमार्ग आणि स्वादुपिंड अशी तिन्हीकडे एकत्र सूज मांजरात वारंवार दिसते. आणि मांजर कुत्र्यासारखं जोरात ओकून सांगत नाही. ते कपाटाखाली जाऊन बसतं आणि खाणं सोडतं. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. म्हणून 'रुसलंय, खाईल उद्या' असं म्हणत वाट पाहू नये.

## खातो राक्षसासारखं, अंगाला लागत नाही

जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. दीड-दोन वर्षांचा कुत्रा, भूक प्रचंड, तरी बरगड्या मोजता येतात. शी ढीगभर, फिकट, तेलकट, घाण वासाची. कधी तो स्वतःचीच शी खातो आणि मालक त्याला वाईट सवय म्हणून मारतात. जंताची औषधं दोनदा-तीनदा होतात, फरक शून्य.

या जातीत स्वादुपिंडाच्या रस बनवणाऱ्या पेशी हळूहळू झडून जाण्याचा आजार आढळतो. स्वादुपिंडाकडे राखीव कुवत एवढी असते की नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी जाईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. कळतं तेव्हा अन्न आतड्यातून न पचताच पुढे सरकत असतं. इन्सुलिनची बेटं मात्र बहुधा शाबूत राहतात, त्यामुळे साखर ठीक येते आणि स्वादुपिंडावर कुणाचा संशय जात नाही. निदान एका रक्तचाचणीने होतं. उपचार म्हणजे विकरांची पूड प्रत्येक जेवणात मिसळणं, तीही आयुष्यभर. माणसांच्या वेष्टन असलेल्या कॅप्सूलपेक्षा पूड जास्त लागू पडते. बी-12 कमी झालेलं असतं, तेही द्यावं लागतं. काही देशांत पूड महाग पडते म्हणून निरोगी जनावराचं कच्चं स्वादुपिंड बारीक करून, गोठवून खाण्यात घालतात. खाटकाकडून आणून हा प्रयोग करायचा असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा, कच्च्या मांसातून जंतू येऊ शकतात.

## गाय दिवसभर चरते, मग रस कधी सोडते?

कुत्रा दिवसातून दोनदा खातो, त्याचं स्वादुपिंडही दोनदा जोर लावतं. गाय-म्हैस दिवसभर चरते किंवा रवंथ करते. तिच्या कोटीपोटातून, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातून, अन्न थोडं थोडं, न थांबता खाली येतं, आणि रसही तसाच मंद, अखंड झिरपतो.

खरी मौज त्या रसात काय असतं यात आहे. कोटीपोटात अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि शेवटी स्वतःच खाली वाहून येऊन गाईचं अन्न होतात. म्हणजे गाय वरून गवत खाते, पण तिच्या आतड्यात पोचणाऱ्या प्रथिनांचा मोठा भाग जिवाणूंचा असतो. जिवाणूंच्या शरीरात आरएनए भरपूर. तो तोडायला रवंथ करणाऱ्या जनावरांच्या स्वादुपिंडात रायबोन्यूक्लिएज नावाचं विकर खच्चून भरलेलं असतं. गाईच्या स्वादुपिंडातून ते इतकं सहज आणि शुद्ध मिळायचं की प्रथिनांच्या रसायनशास्त्राचं ते आवडतं खेळणं झालं. अँफिन्सन, मूर आणि स्टाइन यांना 1972 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विकरावरच्या कामासाठी.

वासराचं स्वादुपिंड जन्मतः जवळजवळ गप्प असतं, आणि त्याला अर्थ आहे. चिकातली प्रतिकारद्रव्यं प्रथिनंच असतात. ती पचली तर वासराच्या हाती काही लागणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी पचवणारा रस कमी, आतड्याची भिंत मोठे रेणू जसेच्या तसे आत घेणारी, आणि वर चिकातच ट्रिप्सिनला अडवणारं द्रव्य. ही सोय चोवीस तासांत आटोपते. वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची पद्धत काही गोठ्यांत अजून आहे, ती वासराला थेट महागात पडते. खरवस नंतरच्या धारांचाही चांगला होतो.

## गाईच्या लघवीत किटोन, म्हणजे तिला मधुमेह?

जनावरांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ इथे होतो. भरपूर दूध देणारी गाय वेल्यानंतर दोन-चार आठवड्यांत खाणं कमी करते, दूध उतरतं, श्वासाला गोडसर वास येतो, लघवीत किटोन सापडतात. माणसात मधुमेह हाताबाहेर गेला की किटोन येतात, हे ऐकलेलं असतं. म्हणून शेतकरी विचारतात, "साहेब, गाईला शुगर झाली काय?"

उलट झालंय. गाईची रक्तशर्करा मुळातच कमी, शंभर मिलिलिटर रक्तात साधारण 45 ते 75 मिलिग्रॅम, कारण आतड्यातून तिला ग्लुकोज फारसं मिळतच नाही. कोटीपोटातले सूक्ष्मजीव पिष्टमय पदार्थांची आम्लं करतात, आणि त्यातल्या एका आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवतं. वेल्यावर कासेला दुधातली साखर बनवायला हे ग्लुकोज हवं असतं, आणि कास ते इन्सुलिनच्या परवानगीशिवाय उचलते. म्हणून शरीर मुद्दामच इन्सुलिन खाली ठेवतं: स्नायूंनी आणि चरबीने साखर घेऊ नये, सगळी कासेला जावी. दूध फार आणि खाणं कमी असलं की चरबी वितळते आणि त्यातून किटोन तयार होतात. या आजाराला कितनबाधा म्हणतात. मधुमेही कुत्र्याच्या रक्तात साखर तुडुंब असते आणि इन्सुलिन नसतं. या गाईच्या रक्तात साखरच कमी पडलेली असते. म्हणून तिला शिरेतून ग्लुकोज देतात, प्रोपिलीन ग्लायकॉल पाजतात.

खरा मधुमेह गाईत दुर्मीळ. लाळ्या-खुरकुतीतून उठलेल्या काही जनावरांत विषाणूने बेटांचं नुकसान होऊन तो झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. आणि झायलाझिन हे गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर इन्सुलिन काही तास दबतं, साखर चढते. त्या वेळी रक्त काढलं तर अहवाल फसवतो.

जाता जाता एक पाहुणा. दमट कुरणांवरच्या गुराशेळ्यांच्या स्वादुपिंडाच्या नळ्यांत एक चपटा कृमी राहतो. त्याचं अर्धं आयुष्य गोगलगाईत जातं, पुढचा मुक्काम नाकतोड्यासारख्या कीटकात. गवताबरोबर कीटक पोटात गेला की झालं.

## कोंबडी आणि कच्चं सोयाबीन

कोंबडीची रक्तशर्करा दोनशेच्या वरच असते. माणसात असा आकडा आला तर घरात रडारड होईल, कोंबडीला तो निरोगीपणा. पक्ष्यांत इन्सुलिनपेक्षा ग्लुकागॉनचा वरचष्मा असतो.

लातूर, विदर्भाकडे सोयाबीन घरचंच असतं, म्हणून ते भरडून कोंबड्यांना घातलं जातं. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला जखडणारं द्रव्य असतं. आतड्यात ट्रिप्सिन कमी पडलं की स्वादुपिंडाला वाटतं आपण कमी सोडलं. ते आणखी बनवतं, तेही जखडलं जातं. शेवटी पिल्लांचं स्वादुपिंड फुगतं, वाढ खुंटते, आणि बनवलेली विकरं विष्ठेतून वाया जातात. भाजल्यावर किंवा शिजवल्यावर हे द्रव्य निकामी होतं. कारखान्यातली पेंड उष्णतेतून गेलेली असते, म्हणून ती चालते.

## घोड्याला साखर चढत नाही, खूर बिघडतात

घोड्याला पित्ताशय नाही, आणि तो दिवसभर चरणारा. त्याचं स्वादुपिंड लिटरच्या लिटर पातळ रस सतत सोडतं. जाड, बसून खाणाऱ्या घोड्यांत आणि तट्टांत इन्सुलिन वाढतं, पण साखर बहुधा ठीकच राहते. बिघाड दिसतो तो खुरात. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात निरोगी पोनींना सलग इन्सुलिन दिलं, सोबत साखर सामान्य राखली, तरी त्यांच्या खुराच्या आतल्या नाजूक थराला सूज आली. लंगडणाऱ्या गुबगुबीत घोड्याचा खुराक आधी पाहावा, नाल नंतर.

## पण कुत्रा साखर खात नाही, मग मधुमेह कसा?

मधुमेह साखर खाऊन होतो हाच गैरसमज. कुत्र्यात तो बहुधा बेटांतल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे होतो. त्यामुळे माणसांच्या गोळ्यांचा उपयोग नाही. इन्सुलिन टोचावंच लागतं, बहुतेकदा दिवसातून दोनदा, कायमचं. नसबंदी न झालेल्या मादीत माजानंतरच्या हॉर्मोन्समुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, तेव्हाही तो उपटतो. खूप पाणी, खूप लघवी, खूप भूक, तरी वजन उतरतं, आणि पुढे बहुतेक कुत्र्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू येतो.

मांजराचा मधुमेह आपल्या प्रौढ वयातल्या मधुमेहाच्या जवळ जाणारा. लठ्ठ, घरबसं मांजर. इन्सुलिन लवकर सुरू केलं, स्टार्च कमी केलं, वजन उतरवलं तर काही मांजरांचं इन्सुलिन चक्क सुटतं. कुत्र्यात अशी आशा धरू नये.

मधुमेह आणि स्वादुपिंडाचं नातं कळलंच मुळी कुत्र्यामुळे. 1889 मध्ये स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. मग सगळे स्वादुपिंडाचा अर्क काढू लागले, पण कुटलेल्या ऊतीतली पाचक विकरं इन्सुलिनचाच फडशा पाडत असावीत, अशी शंका होती. 1921 च्या उन्हाळ्यात टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळ्या बांधून रसाच्या पेशी झडू दिल्या आणि उरलेल्या भागातून अर्क काढला. पुढे बँटिंगला सुचलं की न जन्मलेल्या वासरात बेटं असतात पण पाचक विकरं जवळपास नसतात. कत्तलखान्यातून तशी स्वादुपिंडं आणली गेली. चीक पचू नये म्हणून असलेली तीच शांतता इथे कामी आली. जानेवारी 1922 मध्ये चौदा वर्षांच्या मधुमेही लेनर्ड थॉम्पसनला टोचलेलं इन्सुलिन गाईबैलांच्या स्वादुपिंडातून आलं होतं, कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने शुद्ध केलेलं.

त्यानंतर साठ वर्षं जगभरचे मधुमेही गाईडुकरांच्या इन्सुलिनवर जगले. इन्सुलिनची साखळी 51 दुव्यांची. डुकराचं इन्सुलिन माणसाच्यापेक्षा एका दुव्याने वेगळं, गाईचं तिनांनी. आणि कुत्र्याचं इन्सुलिन डुकराच्याशी शंभर टक्के जुळतं. म्हणून आजही कुत्र्यांसाठीचं एक प्रमुख इन्सुलिन डुकराचंच असतं.

## घरी काय सांभाळायचं

मधुमेही कुत्रा घरी असेल तर दोन चुका टाळा. माणसांचा ग्लुकोमीटर कुत्र्यामांजराच्या रक्तात बरेचदा साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो, त्या आकड्यावरून डोस बदलू नका. दुसरं, कुपी 40 युनिटची असेल तर सिरिंजही 40 चीच हवी. 40 च्या कुपीला 100 ची सिरिंज वापरून खुणा मोजल्या तर डोस निम्म्याहूनही कमी जातो; उलट 100 च्या कुपीला 40 ची सिरिंज लावली तर तो अडीचपट जातो, साखर घसरते आणि कुत्रा काही तासांत कोसळू शकतो.

मधुमेह नसलेल्या कुत्र्यालाही एक गोष्ट तशीच पाडते. झायलिटॉल हा गोडवा साखरविरहित च्युइंगम, पुदिन्याच्या गोळ्या, काही टूथपेस्ट आणि शुगर-फ्री मिठायांत असतो. माणसाचं स्वादुपिंड त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कुत्र्याचं मात्र ते खूप साखर आल्याच्या समजुतीने भसकन इन्सुलिन ओततं. वजनाच्या प्रत्येक किलोमागे 0.1 ग्रॅम एवढंही पुरतं. अर्ध्या-एक तासात साखर कोसळते, कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, झटके येतात. डोस मोठा असेल तर पुढच्या दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ शकतं. वेष्टनावर कधी 'झायलिटॉल', कधी 'बर्च शुगर', कधी नुसतंच 'ई 967' लिहिलेलं असतं. कुत्र्याने ते खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा, आणि फाटलेलं वेष्टन सोबत न्या. किती खाल्लं याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.